तवा बिडाचा, कढई ट्रायप्लायची, दुधाचं पातेलं वेगळं: घरच्या भांड्यांचा धातूनिहाय कस

भांड्यांच्या दुकानात दहा-बारा नगांचा संच समोर मांडतात. सगळं एका धातूचं, एका चकाकीचं, झाकणांसकट. तो संच घेऊ नये. ज्यावर घावन सुटेल, ज्यात कढी कळकणार नाही, ज्याला दूध लागणार नाही आणि ज्यावर भाकरीही फुगेल असा एकच धातू नाही. आपल्याकडे एका जेवणात कोरडी आच, उकळ, फोडणी आणि आंबट हे सगळं एकदम येतं. म्हणून भांडी सुटी घ्यावीत, कामाप्रमाणे घ्यावीत आणि वजन बघून घ्यावीत.

धातूंमधला मूळ फरक उष्णता पसरवण्याचा आहे. वॅट प्रति मीटर-केल्विन या मापात तांबं सुमारे ४००, शुद्ध ॲल्युमिनियम २३५ च्या आसपास, पितळ ११० ते १२०, बीड (साच्यात ओतलेलं लोखंड) ५० ते ५५ आणि चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील जेमतेम १५-१६. पातळ स्टीलच्या कढईत शिरा करताना ज्योतीच्या बरोबर वरचा रवा करपतो आणि चार बोटं पलीकडचा पांढराच राहतो, तो यामुळे. बीडही उष्णता सावकाशच पसरवतं. पण ते जाड आणि जड असल्यामुळे एकदा तापलं की ताप धरून ठेवतं, थंड पीठ ओतलं तरी लगेच निवत नाही.

रोज सर्वांत जास्त काम तव्यावर पडतं, म्हणून आधी तवा. ‘लोखंडी तवा’ या एका नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक पत्र्याचा: गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीचा, दांडा रिवेटने किंवा वेल्डिंगने बसवलेला, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारा. दुसरा बिडाचा: साच्यात ओतलेला, किंचित खरबरीत, दांडा किंवा कान बहुधा अंगचेच, आवाज मंद. बिडात कार्बनचं प्रमाण २ ते ४ टक्के असतं आणि त्यामुळे ते ठिसूळ असतं. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर दोन तुकडे होतात.

फुलक्या-पोळ्यांना पत्र्याचाच तवा घ्यावा, ३ मिलिमीटर जाडीचा, मध्ये हलका खोलगट. पोळ्या करताना आच सारखी कमी-जास्त करावी लागते आणि पत्रा ते ऐकतो. बीड ऐकत नाही. आठव्या-दहाव्या पोळीला ते इतकं तापलेलं असतं की पोळीवरची पिठी जळून काळी पडते आणि गॅस बारीक केला तरी पुढच्या दोन पोळ्यांवर डाग येतातच. भाकरीला मात्र ताप धरणारा तवा हवा, तिथे ४ मिलिमीटरचा पत्रा किंवा बीड दोन्ही चालतं. घावन, आंबोळी, धिरडं, डोसा यांना बीडच घ्यावं, त्याला पर्याय शोधण्यात अर्थ नाही.

घावनाच्या बाबतीत काय होतं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. तांदळाचं पीठ ताकाइतकं पातळ असतं. ते तापलेल्या तव्यावर पडल्याबरोबर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वर फुटताना जाळी पडते. तवा हलका असेल तर पहिल्या पळीलाच निवतो, वाफ जोरात फुटत नाही, जाळी पडत नाही आणि पीठ धातूला धरून बसतं. बिडावर असं होत नाही. झाकण ठेवून अर्धा-पाऊण मिनिट गेलं की कडा आपण होऊन वर उचलतात, तेव्हाच उलथनं घालायचं. त्याआधी घातलं तर कितीही चांगल्या तव्यावर घावन फाटतं. तेलही थेंबभरच हवं, नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने पुसून घेतलेलं. तेलाचं थारोळं झालं की पीठ त्यावरून घसरतं आणि जाळीऐवजी तळलेली कड मिळते.

थालिपिठाला एक अडचण आहे. तवा गार असताना त्यावर थापायचं ही जुनी रीत पत्र्याच्या तव्याला सोपी जाते, बिडाचा तवा गार व्हायला फार वेळ लागतो. तेव्हा ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून तव्यावर उलटावं.

जाडी दुकानदाराला विचारण्यापेक्षा वजनावरून काढावी. २८ सेंटिमीटर, म्हणजे अकरा इंची पत्र्याचा तवा २ मिलिमीटर जाड असेल तर दांडा सोडून सुमारे ९७० ग्रॅम भरतो, ३ मिलिमीटरला साधारण १,४५० ग्रॅम आणि ४ मिलिमीटरला १,९४० ग्रॅम. त्याच मापाचा ५ मिलिमीटरचा बिडाचा तवा २.२ किलोच्या आसपास जातो. अकरा इंची पत्र्याचा तवा किलोभरच भरत असेल तर सोडून द्यावा. मोठ्या आचेवर तो वाकतो, मध्ये फुगवटा येतो आणि तेल कायम कडेला पळत राहतं.

नवा तवा तयार करण्यात लोक सर्वांत जास्त चुकतात. कारखान्यातून येताना गंज धरू नये म्हणून त्याला तेलाचा किंवा मेणाचा थर दिलेला असतो. तो कढत पाणी, साबण आणि काथ्याने पूर्ण घासून काढावा. मग तवा गॅसवर ठेवून थेंबभरही पाणी राहणार नाही असा वाळवावा. कोमट असताना त्यावर अर्धा चहाचा चमचा तेल सगळीकडे चोळावं, कडा आणि मागची बाजूसुद्धा, आणि नंतर कोरड्या सुती फडक्याने ते सगळं पुसून टाकावं. तवा कोरडा दिसेपर्यंत पुसायचं, ही पायरी सर्वांत महत्त्वाची. मग मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवून तसाच आठ-दहा मिनिटं ठेवावा आणि गॅस बंद करून आपोआप गार होऊ द्यावा. असं चार-पाच वेळा. तेलाचा तो पातळ पापुद्रा तापून कडक होतो आणि धातूला घट्ट धरून बसतो. तव्याचा काळा गुळगुळीतपणा म्हणजे हाच थर.

तवा चिकट झाला, बोट लावलं तर ओढलं गेलं, तर तेल जास्त राहिलं असं समजावं. तो घासून पुन्हा पातळ थर द्यावा. जवसाच्या तेलाची शिफारस बरीच ऐकू येते. त्याचा थर सुंदर काळा आणि कडक बसतो, पण पुढे पापुद्रे सुटतात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल पुरेसं आहे. ‘सीझनिंग केलेला’ म्हणून मिळणाऱ्या तव्याचा थर पातळ असतो, त्यालाही घरी दोन हात द्यावेत आणि पहिला आठवडाभर त्यावर धिरडी, थालिपीठ असे तेलाचे पदार्थ करावेत. घावन नंतर. साबणाला घाबरायचं कारण नाही. सौम्य साबणाने पटकन धुऊन लगेच गॅसवर वाळवला तर थराला काही होत नाही. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला तर मात्र सकाळी गंज. तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतू नये, एका क्षणात तडा जातो आणि तडा गेलेला तवा सांधता येत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, वापर झाल्यावर तेलाचं बोट फिरवून ठेवावंच लागतं.

लोखंडी कढई हे दुसरं भांडं घरात असावं. तळण, फोडणी, सुक्या भाज्या, पिठलं, झुणका यांना ती उत्तम. पिठल्याची खरवड कढईला धरते तीच अनेक घरांत भांडून खाल्ली जाते, आणि ती चव स्टीलमध्ये येत नाही. पण चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक या कढईत घालू नये. आंबटाने तेलाचा थर निघतो, लोह सुटतं, पदार्थ काळपट होतो आणि जिभेवर खिळा चोखल्यासारखी चव राहते. वांगं आणि मेथी आंबट नसतानाही काळवंडतात, कारण त्यांच्यातली तुरट द्रव्यं लोहाशी संयोग पावतात. हा काळेपणा अपायकारक नाही. भाजी शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढली तर तो बराच कमी होतो. लोखंडी कढईतल्या अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं, पण रक्तक्षयावर तो औषधाचा पर्याय नाही.

आता ट्रायप्लाय. आत अन्नाला चालणारं स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर चुंबकाला चिकटणारं स्टील असे तीन थर एकत्र दाबलेले असतात आणि ते तळापासून काठापर्यंत जातात. आंबटाला स्टील, उष्णता पसरवायला ॲल्युमिनियम, इंडक्शनला बाहेरचा थर. रोजच्या आमटी-भाजीला यापेक्षा चांगलं भांडं सध्या बाजारात नाही, आणि चार माणसांच्या घरी एकच महाग वस्तू घ्यायची असेल तर २४ सेंटिमीटरची, एकूण २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची ट्रायप्लाय कढई घ्यावी.

‘सँडविच बॉटम’ म्हणजे ट्रायप्लाय नव्हे. त्यात ॲल्युमिनियमची चकती फक्त तळाला असते आणि वरची भिंत एकेरी पातळ स्टीलची. ज्योत तळापेक्षा रुंद झाली की चकतीच्या काठावर, जिथे भिंत सुरू होते तिथे, करपलेलं कडं पडतं. पातेल्यात रस्सा किंवा पास्ता उकळायला हे भांडं चालतं, कढईत नको. ओळखायला सोपं आहे: बाहेरून तळाजवळ चकतीची कड बोटाला लागते, ट्रायप्लायमध्ये अशी कड नसते.

स्टीलच्या प्रतीविषयी. आतला थर ३०४ प्रतीचा हवा, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्त भांड्यांत २०२ प्रत येते, तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. मीठ आणि आंबटापुढे ती लवकर हरते. चुंबक लावून ३०४ ओळखता येतं असं सांगतात ते अर्धवट आहे, कारण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. प्रत भांड्यावर कोरलेली आहे का आणि बिलावर लिहून मिळते का, एवढंच बघता येतं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक करणारा आदेश काढला. स्टीलसाठी मानक आयएस १४७५६, ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६०. हे आकडे चिन्हाजवळ शोधावेत.

स्टीलला पोहे चिकटतात, अंडं चिकटतं, ही तक्रार बहुतेक वेळा आचेच्या क्रमामुळे येते. रिकामी कढई मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवून पाण्याचा थेंब टाकावा. तो चर्र होऊन आटला तर अजून वेळ आहे. मोत्यासारखा गोळा होऊन इकडेतिकडे पळाला की कढई तयार. मग तेल, तेलावर लाट दिसली की मोहरी, आणि आच जरा उतरवून पुढचं. थंड कढईत थंड तेल आणि त्यावर ओले पोहे घातले तर ते धरणारच. मीठ नेहमी पाणी उकळल्यावर घालावं. गार पाण्यात घातलेलं मीठ तळाशी बसून स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि ते कधीच जात नाहीत. इंद्रधनुषी डाग मात्र निरुपद्रवी आहेत, लिंबाच्या फोडीने पुसले जातात.

दुधासाठी वेगळं पातेलं का? कारण दुधाच्या पातेल्यात आमटी झाली आणि आमटीच्या पातेल्यात दूध तापवलं तर नासण्याचं एक कारण आपण हाताने घातलेलं असतं. धातू कोणताही असो, बूड जाड हवं. एकेरी पातळ स्टीलमध्ये दूध हमखास लागतं. ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवावं, आच मध्यमच ठेवावी. जाड ॲल्युमिनियमचं पातेलं इथे ट्रायप्लायच्या निम्म्याहून कमी पैशात तेच काम करतं.

ॲल्युमिनियम, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्याला अजून ‘जर्मन’ म्हणतात ते, आणि त्याचाच मिश्रधातू हिंडालियम: दूध, भात, चहा, उकडीची भांडी यांना ठीक. आंबट आणि खारट पदार्थ त्यात शिजवू नयेत आणि ठेवू तर मुळीच नयेत. सोलकढी, लोणचं, सांबार रात्रभर ठेवलं की आतली बाजू खरवडल्यासारखी दिसते, ती धातू विरघळल्याची खूण. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे त्याच ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने चढवलेला त्याच्याच ऑक्साइडचा करडा, कठीण थर. तो आंबटाला दाद देत नाही, उष्णताही छान पसरते. त्याचा शत्रू आहे क्षार: सोड्याने घासलं किंवा डिशवॉशरमध्ये घातलं की थर फिकट पडून निघू लागतो.

कुकरचं गणित वेगळं आहे. आपण वरण-भात डब्यांत लावतो. डब्यांना उष्णता पाणी आणि वाफ देते, कुकरच्या धातूशी अन्नाचा संबंधच येत नाही. अशा घराने स्टीलच्या कुकरसाठी जास्त पैसे मोजू नयेत, ॲल्युमिनियमचा पुरतो. तो आतून काळा पडतो, ते टाळायला पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक टाकावं. थेट कुकरमध्ये पुलाव, खिचडी, रस्सा करणाऱ्यांनी ट्रायप्लाय किंवा हार्ड ॲनोडाइज्ड घ्यावा, पातळ स्टीलचा घेतला तर खिचडी तळाला धरते. दोन्हींत आयएस २३४७ हे मानक बघायचं.

नॉनस्टिकची जागा छोटी आहे: ऑम्लेट, पनीर परतणं, कमी तेलाचं धिरडं. त्याचा थर २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो आणि ३५० च्या आसपास निघणारा धूर माणसाला त्रासदायक, पाळलेल्या पोपटाला जीवघेणा ठरतो. रिकामं भांडं मोठ्या गॅसवर ठेवून फोनवर बोलत राहिलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून भाकरी आणि फुलके नॉनस्टिकवर करूच नयेत, दोन्हींना कोरडी, कडक आच लागते. ‘पीएफओए नाही’ असा शिक्का म्हणजे थर निराळा आहे असं नव्हे. पीएफओए हे बनवताना वापरलं जाणारं रसायन होतं, २०१९ मध्ये ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. थर बहुधा तोच पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, असतो. ‘ग्रॅनाइट’ आणि ‘स्टोन’ नावाच्या भांड्यांत दगड नसतो, ॲल्युमिनियमवर ठिपक्यांचा नॉनस्टिक थर असतो. सिरॅमिक थर जास्त ताप सोसतो पण त्याचा निसरडेपणा लवकर जातो. थर खरवडला, सुटू लागला की भांडं बदलायचं, हा खर्च किमतीत धरावा.

मातीच्या तवलीत माशाचं आंबट सार उत्तम होतं, कारण मातीला आंबटाचं काही देणंघेणं नाही. घेताना चकचकीत झिलई नसलेली घ्यावी, स्वस्त झिलईत शिसं असू शकतं. वापरण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवून मग तांदळाची पेज उकळून घ्यावी. खान्देशात मांडे खापरावर होतात त्यालाही कारण आहे: उलट्या खापराचा रुंद, सावकाश तापणारा उंचवटा तव्यात मिळत नाही.

पितळेबद्दल सध्या फार उत्साह आहे आणि तो रास्त आहे, पण कल्हईचा खर्च आणि खटाटोप धरूनच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागलं की दोन्ही सुटतात, कढी हिरवट होते, कळकते, आणि खाल्ली तर मळमळ, उलटी होते. कल्हई म्हणजे आतून कथिलाचा थर. कल्हईवाला भांडं घासून भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला थर सगळीकडे फिरवतो आणि भांडं पाण्यात बुडवतो. चांगली कल्हई आरशासारखी एकसंध दिसते, तीत राखाडी ढग किंवा पिवळे ठिपके राहत नाहीत. कथिलात शिसं मिसळलेलं नको. शुद्ध कथील महाग असतं, त्यामुळे फारच स्वस्तात करून देणाऱ्याकडे भांडं देऊ नये. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात कडक फोडणी करायची नाही, ते रिकामं तापवायचं नाही, डाव लाकडाचा, आणि घासणी तारेची नाही. वरण, भात, खीर, दूध यांना ते सुरेख आहे. पुरण घोटायला नको, डावाच्या घासण्याने कल्हई झिजते. तळाला पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्यात साधं वरणही करू नये, कारण वरून लिंबू पिळलं जातंच. पुण्यातली तांबट आळी, नाशिकचा भांडी बाजार अशा ठिकाणी पितळ वजनावर घेता येतं आणि जुनं मोडीत देता येतं. तिथे घेताना कल्हई करून मिळते का ते आधी ठरवून घ्यावं.

इंडक्शनची काचेची शेगडी असेल तर तांबं, पितळ, माती, साधं ॲल्युमिनियम बाद होतं. पत्र्याचा तवा तिथे वाकतो, बीड टिकतं पण बारीक आचेवर सुरुवात करून पाच-सात मिनिटं तापू द्यावं लागतं. कॉइल तव्यापेक्षा लहान असते, कडा मागे राहतात. बीड काचेवर सरकवायचं नाही, उचलून ठेवायचं.

खरेदीला निघताना खिशात एक चुंबक आणि एक स्टीलची पट्टी असावी. भांडं इंडक्शनवर चालवायचं असेल तर चुंबक बाहेरच्या तळाला घट्ट चिकटलं पाहिजे. पट्टी तळावर आडवी ठेवून खालून बघावं: कागद सरकेल इतकी फट चालते, रुपयाचं नाणं शिरत असेल तर ते भांडं ठेवून द्यावं. दांडा धरून कढई पाण्याने भरलेली असल्यासारखी एका हाताने तिरकी करून बघावी. रिवेट कुरकुरला किंवा मनगट वळलं तर दोन कानांची घ्यावी.